वारं अजून वरच होतं

आमच्या माळावरचं वारं कसलं असतं, हे परगावच्या माणसाला सांगून कळत नाही. लिंबागणेशच्या वरच्या अंगाला मी पवनचक्क्यांच्या राखणीला आहे. तिथं एकदा मी कपातला चहा बशीत ओतला, तर तो बशीत पडलाच नाही. खालच्या वस्तीवरल्या एका म्हाताऱ्याच्या मिशांवर पडला आणि म्हातारा तिथनं ओरडला, साखर कमी हाय. एका उन्हाळ्यात माझी टोपी उडाली, ती चौथ्या दिवशी परत आली. मधल्या काळात कुणीतरी धुतलेली होती. हे मी शपथेवर सांगत नाही, कारण शपथ घ्यायला तोंड उघडलं की त्यात वारं शिरतं आणि मग दोन दिवस ढेकर थांबत नाहीत.

बारा पवनचक्क्या माझ्या ताब्यात आहेत. ताब्यात म्हणजे काय, तर एक पत्र्याची खोली, एक खुर्ची, एक काठी, आणि तांब्याच्या तारेसाठी फिरणाऱ्या लोकांना लांबूनच शिव्या घालायचं काम. गावात मात्र मी असंच सांगत आलो आहे की रोज सकाळी बाराही चक्क्यांना मी फुंकर मारतो, मगच त्या चालू होतात, आणि मला सर्दी झाली की तीन तालुक्यांत वीज जाते.

माझी लेक सहा-सात वर्षांची असताना सुट्टीच्या दिवशी सकाळच्या पाळीला माझ्यासंगं यायची. हिवाळ्यात ऊन पडायच्या आत आम्ही वर पोचायचो. खाली इतकं थंड आणि इतकं गप्प असायचं, की मी विडीला काडी ओढली तर ज्योत सरळ उभी राहायची. गवताचं पातं हलायचं नाही. आणि वर, लिंबाच्या पाच-सहा झाडांइतक्या उंचीवर, चक्कीची पाती गरगर फिरत असायची.

"अण्णा," ती म्हणाली, "खाली वारं न्हाई. मग ही कावून फिरतीय?"

याला खरं उत्तर होतं. मला ते निम्मं माहीतही होतं. पण साधं उत्तर माझ्या तोंडाला कधी रुचलेलं नाही. मी म्हणालो, "रातभर चक्की वारं गिळून ठिवती. पोटात. सकाळी उठली की म्हैस रवंथ करती तसं थोडं थोडं वर आणती अन् त्याच्यावर फिरती."

तिनं चक्कीच्या खांबाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "गुरगुरतंय."

ती आता बावीस वर्षांची आहे आणि विमान चालवायला शिकते.

हे वाक्य मी कितीही साधं लिहिलं तरी आमच्याकडं लोक हसतात. आयुष्यात एकदाच खरं बोललो, तेच कुणाला पटेना. तिला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, डोकं तिचं स्वतःचं होतं, आणि अर्ज तिच्या शाळेतल्या बाईंनी भरून दिला. त्यात माझा वाटा एका सहीचा. तीही मी आईच्या रकान्यात केली. लोकांना खरं पटत नाही म्हटल्यावर मग मीही हात आखडता घेतला नाही. नेकनूरच्या बाजारात मी सांगितलं की पोरगी गावावरून विमान घेऊन गेली, खिडकीतनं हात काढला, आईनं पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरडयांतली एक उचलली आणि वरनंच ओरडली, मीठ जास्त झालंय. हे मात्र सगळ्यांना पटलं.

फोन आला तेव्हा मी नेकनूरलाच होतो. माझा एक शाळासोबती तिथं टायरचं पंक्चर काढतो. त्याचे वडील बग्ग्यांची चाकं बसवायचे, तो ट्रॅक्टरची बसवतो. बाजारच्या दिवशी त्याच्या दुकानासमोर पाच-सात जण बसलेले असतात, चहा येत असतो, आणि बोलायचं काम माझ्याकडं असतं. त्या दिवशी मी म्हैस सांगत होतो. आमच्या माळावरनं वाऱ्यानं उचललेली म्हैस. ती हवेत चारी पाय पसरून तरंगत होती आणि खालून तिचा मालक तिला पेंड दाखवत पळत होता, इथवर गोष्ट आली होती.

फोनवर एक माणूस होता. आवाज शांत. आपण लेकीच्या विमानशाळेतनं बोलतोय म्हणाला. आज सकाळी उतरताना तिचं विमान आपटलं. एकटीच होती. ती बरी आहे, हनुवटीला टाके पडलेत, संध्याकाळी स्वतः बोलेल.

मी म्हणालो, "बरं."

फोन खिशात ठेवला. समोरचा एक जण म्हणाला, "मग? म्हशीचं काय झालं बे?"

आणि मी म्हशीचं सांगितलं. पूर्ण सांगितलं. ती नांदूरघाटच्या बाजारात उतरली, ऐन गर्दीत, आणि उतरल्या उतरल्या तिनं चार लिटर दूध दिलं, ते वाटेतच घुसळलं गेल्यामुळं ताक निघालं. लोक पोट धरून हसले. मीही हसलो. चहा संपवला. तो इतका कढत होता की मागाहून आरशात बघितलं तर जिभेवर फोड होता, पण पिताना मला काही कळलं नव्हतं.

सगळे उठून गेल्यावर शाळासोबती म्हणाला, "फोन किसका था?"

"लेकीचं विमान आपटलं."

तो हातातली ट्यूब घेऊन तसाच उभा राहिला. "कधी?"

"सकाळी. बरी हाय म्हणले."

"अन् तू म्हैस सांगत बसलास?"

मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो. त्याला हात लावला तर तो दुसऱ्या कुणाचा तरी पाय वाटतो. माझं सगळं अंगच तसं झालं होतं. पायाला निदान पुढं मुंग्या येतात. मी मुंग्यांची वाट बघत गाडीवरनं घरी आलो. आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी ती एसटीनं आली. मी नेकनूरच्या स्टँडवर उभा होतो. हनुवटीवर पांढरी पट्टी, आणि विमानातल्या पट्ट्यानं आवळल्याचा निळा वळ खांद्यापासून गळ्यापर्यंत.

"लई लागलं का माय?"

"न्हाई."

"दुखतंय?"

"न्हाई."

घरापर्यंत आम्ही दोघं एवढंच बोललो. मी गाडी चालवतोय आणि तोंड बंद आहे, असं माझ्या हयातीत पहिल्यांदा झालं. दारात तिच्या आईनं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या आणि गळा काढला. ती तिघांच्या वाटचं रडली. लेक आणि मी दोन बाजूंना उभे राहून बघत होतो, जसं काही दुसऱ्याच कुणाच्या घरचं चाललंय.

रात्री जेवताना नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालताना तिनं सांगितलं. आवाज असा, की रेडिओवर दुसऱ्या जिल्ह्याची बातमी चाललीय. सकाळी लवकर एकटीनं उडायचं होतं. आकाश निरभ्र. धावपट्टीच्या कडेला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी असते, ती मेलेल्या कोंबडीसारखी लोंबत होती. म्हणजे वारं नाही. चढली, फिरली, उतरायला आली, आणि धावपट्टीच्या जरा वर असताना विमान खालून कुणीतरी काढून घेतल्यासारखं पडलं. पुढचं चाक मोडलं, पंखा वाकला.

"आता दहा दिवसांनी तिघांसमोर उभं राहायचंय," ती म्हणाली. "काय झालं, कावून झालं, माझा हात कुठं होता, सगळं सांगायचंय. पटलं तर सर परत संगं घेऊन उडतील. 'माहीत न्हाई' म्हणलं की घरी."

"मग?"

"मला माहीत न्हाई."

तिनं माझाच सदरा दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि आत गेली.

तिच्या सरांनी तिला वाऱ्याच्या धड्याचं पुस्तक संगं बांधून दिलं होतं. धडा म्हणजे विंड शिअर. ती अंगणात बसून इंग्रजी वाचायची आणि मी बाजेवर बसून दोरी वळल्याचं सोंग करायचो. एका दुपारी मी म्हणालो, "मोठ्यानं वाच. मलाबी कळू दे, माझ्या बारा लेकी त्याच्यावरच चालतात."

"विंड शिअर म्हंजे," ती म्हणाली, "थोडक्या अंतरात वारं एकदम बदलतं. दिशा तरी, न्हाई तर जोर तरी."

"हेवढंच? ह्याला इंग्रजी पुस्तक लागतं?"

"अण्णा, ऐकायचं असलं तर ऐका."

मी ऐकलं. त्याच्या दोन जाती. एक उभी, एक आडवी. खालून वर जाताना किंवा वरनं खाली येताना वारं बदललं, तर उभी. एकाच उंचीवर पुढं जाता जाता बदललं, तर आडवी. मग ती कशानं होते, त्यावरून आणखी प्रकार. तिनं ते मला अंगणातल्याच वस्तूंनी दाखवले. घागर उचलली आणि फरशीवर उपडी केली. पाणी धाडकन पडलं आणि चहूकडं पसरलं. "वादळी ढगातनं थंड हवा अशी पडती. विमान ह्याच्यात शिरलं की पहिल्यांदा समोरनं वारं, मग वरनं खाली दाब, मग पाठीमागनं वारं. तिन्ही मिनिटभरात." तिच्या आईनं आतनं विचारलं की पाणी कुणी सांडलं. मी म्हणालो, वादळी ढगानं.

दुसरा प्रकार डोंगराचा. घाटाच्या कडेवरनं वारं उतरतं ते सरळ उतरत नाही, लाटणं लाटल्यासारखं गडगडत येतं. तो मला ताबडतोब कळला; आमच्या घाटात त्या गडगडण्यानं मी माणसाचा सदरा अंगावरच उलटा झालेला बघितला आहे, गुंड्या लावलेल्या असताना. तिसरा, गरम हवेचा पट्टा आणि गार हवेचा पट्टा समोरासमोर आले की त्यांच्या शिवेवर. चौथा समुद्राकाठचा.

"समुद्र आपल्याकडं न्हाई," ती म्हणाली.

"व्हता. माझ्या आज्यानं पिऊन टाकला. उन्हाळा लई कडक व्हता त्या साली."

एरवी ती हसली असती. तिनं पान उलटलं.

शेवटचा प्रकार तिनं भराभर वाचला. हिवाळ्याची, निरभ्र आकाशाची पहाट. रातभर जमीन गार पडत जाते. तिला चिकटलेली हवाही गार होते, जड होते आणि तिथंच पडून राहते. त्याच्या वर मात्र गरम हवा, आणि तिच्यात जोराचं वारं. खालच्या हवेला त्याचा पत्ताही नसतो. विमान त्या जोराच्या वाऱ्यातनं खालच्या गप्प हवेत उतरलं, की समोरचं वारं एका क्षणात नाहीसं होतं.

ती पुढं गेली. मी तिथंच राहिलो. हे पान मला पाठ होतं. इंग्रजीत नव्हतं, पण त्याच्याखाली खुर्ची टाकून मी किती हिवाळे बसलोय. सरळ उभी राहिलेली काडीची ज्योत आणि वर फिरणारी पाती. त्या वेळी तोंड उघडायला पाहिजे होतं. पण तोंड उघडलं असतं तर मला त्या रवंथ करणाऱ्या चक्कीपाशी जावं लागलं असतं. मी दोरी वळत बसलो. ती दोरी पुढं कशालाच उपयोगी पडली नाही, इतकी घट्ट वळली गेली.

"प्रकार हाच," ती थोड्या वेळानं म्हणाली. "ह्याच्यात अडचण न्हाई. पण हात."

"कसला हात?"

"उतरताना वरच्या वाऱ्यात आले, तवा समोरनं वारं वाढलं. वेगाचा काटा वर गेला. आता अशा वेळी काय करायचं ते मला माहीत हाय. काई करायचं न्हाई. तो वाढलेला वेग वाऱ्यानं दिलेला असतो, आपला नसतो. इंजिनाचा जोर हाय तसा ठिवायचा. परीक्षेत मी हे लिहिलेलं हाय, मार्क मिळालेत. पण काटा वर गेला अन् माझ्या हातानं थ्रॉटल, म्हंजे इंजिनाच्या जोराचा दांडा, मागं वढला. इंजिन बसलं. तेवढ्यात खालची गप्प हवा आली. वारंबी गेलं अन् इंजिनबी." तिनं उजवा हात समोर धरला, उलटसुलट करून बघितला. "सर म्हणले, प्रकार पुस्तकात सापडंल, हात तुलाच शोधावा लागंल. हातानं कावून वढलं, हेच कळंना."

दिवस जात राहिले. हनुवटीचे टाके निघाले. घरात आम्ही तिघं जेवायचो, झोपायचो, उठायचो. गावातलं कुणी आलं की मी दारातच त्याला पकडून दुसरंच काहीतरी सांगायचो. एकदा तर एका पाहुण्याला मी आमच्या विहिरीत बोलणारं कासव आहे, असं अर्धा तास सांगितलं. तो गेल्यावर मला माझंच बोलणं आठवेना. तोंड आपलं आपलं चालू होतं. आत कुणी नव्हतं.

मग हरभरा उपणायचा दिवस आला.

आता मळणी यंत्रानं सगळं होतं, उपणायला कुणी उभं राहत नाही. पण घरच्या डाळीपुरता आणि बियाण्यापुरता हरभरा यंत्रात घालायला तिची आई तयार नसते. यंत्रातनं निघालेला दाणा फुटतो आणि फुटलेला दाणा उगवत नाही, असं तिचं म्हणणं. ते आम्ही काठीनं बडवतो आणि जुन्या पद्धतीनं उपणतो. तीन पायांची उंच लाकडी तिवई असते, तिच्यावर एकानं उभं राहायचं. खालच्यानं दाणे आणि भूस मिसळलेली पाटी वर द्यायची. वरच्यानं ती हळूहळू ओतायची. दाणा सरळ खाली पडतो, भूस वाऱ्यानं लांब जातं.

यालाही वेळ असते. माझे वडील न्याहारी झाल्याशिवाय तिवईवर चढू द्यायचे नाहीत. म्हणायचे, थांबा, वारं अजून वरच हाय. दहा-साडेदहाला ऊन तापलं की म्हणायचे, आता उतरलं. आणि खरंच, गवत हलायला लागायचं.

लेक हलकी, म्हणून बारा वर्षांची झाल्यापासून तिवईवर तीच. शिकवलं मी. शहाणी माणसं एकसारखी धार धरतात, वारं कमी होवो की जास्त. मला तेवढा दम कधीच नव्हता. मी तिला सांगितलं होतं, जोराचं वारं आलं की पाटी खाली कर अन् मोकळी सोड. फुकटचं वारं वाया घालवायचं न्हाई. आमचं उपणणं त्यामुळं सगळ्या शिवारात आधी उरकायचं. मधूनच वारं पडलं तर भूस दाण्यावरच पडायचं, मग परत उपणायचं. त्यात कुणाचं काही मोडत नव्हतं.

त्या दिवशी ती म्हणाली, "मी चढते."

"खांदा दुखंल," तिची आई म्हणाली.

ती चढली. ऊन तापलं होतं, वारं उतरलं होतं. मी पाटी दिली. तिनं धार धरली, बारीक, छान. दाणे टपटप पडायला लागले. मग घाटाकडनं एक जोराची झुळूक आली, आणि तिचा उजवा हात खाली गेला. पाटी मोकळी झाली. वारं पडलं. सगळं भूस सरळ खाली, दाण्यांच्या ढिगावर.

ती वर तशीच उभी राहिली, रिकामी पाटी घेऊन. हाताकडं बघत.

खाली तिची आई झाडू घेऊन कपाळाला हात लावून म्हणाली, "घ्या! बापाचाच हात हाय हिचा. कितीदा सांगितलं ह्या माणसाला, लेकराला घाई शिकवू नका म्हणून."

थ्रॉटलवरच्या हाताचं तिला काही माहीत नव्हतं. ती फक्त भुसाबद्दल बोलत होती.

मी दुसरी पाटी उचललेली होती, ती तशीच छातीशी. माझ्या मानेवर, कानात, सदऱ्याच्या आत हरभऱ्याचं भूस बसलं होतं. त्याची खाज अशी असते की माणूस नागवा होऊन विहिरीत उडी मारतो. मला खाजत नव्हतं. त्या वेळी मला एवढंच कळलं, की मला खाजत नाहीये.

"अण्णा," ती वरनं म्हणाली.

"हं."

"परत द्या."

मी पाटी दिली. वारं आलं. तिचा हात निघाला आणि मधेच थांबला. धार जाड झाली नाही. मी पुढची पाटी दिली. दुपारपर्यंत ती वर होती. झालेला हरभराही तिनं परत वर मागवून घेतला आणि परत उपणला. वारं आलं की हात निघायचा, आणि थांबायचा. तिची आई म्हणाली, आता ह्या दाण्यांना काय आंघोळ घालायची हाय का? मी पुढची पाटी वर दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला मी तिला म्हणालो, चल.

थंडी सरत आली होती, तरी माळावर पहाटेचा गारठा होता. पहिल्या चक्कीखाली मी काडी ओढली. ज्योत सरळ उभी राहिली. आम्ही दोघांनी ती बोटापर्यंत जळू दिली. वर पाती फिरत होती, तो मोठा, संथ, घुऽ घुऽ आवाज.

"तुला मी सांगितलं व्हतं, ही वारं गिळती म्हणून."

"हं."

"खोटं व्हतं ते."

"आठवीत कळलं मला, अण्णा."

"मग कधी बोललीस कावून न्हाई?"

"तुमी लई मन लावून सांगत व्हता." ती वर बघत होती. "अन् खरं काय, ते तुमाला तवा माहीत व्हतं?"

"निम्मं."

"सांगा."

मी सांगितलं. माझे वडील न्याहारीच्या आत तिवईवर चढू देत नव्हते. वारं तेव्हा वरच असतं. ऊन तापल्यावर खाली उतरतं. आणि तिला घाईनं हात सोडायला शिकवलं ते मी, माझ्या वडलांनी नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण होतं. त्यात एकही म्हैस नव्हती.

ती खांबाला पाठ लावून बसली. मग म्हणाली, "हेच सांगते त्यांना."

"माझं नाव घे. हात माझा हाय म्हणून सांग."

"न्हाई. थ्रॉटलवर हात माझाच व्हता." तिनं काडेपेटी माझ्या हातातनं घेतली, आणखी एक काडी ओढली, बघितली. "एक करा तेवढं. बाकी तुमाला काय फेकायचं ते फेका. मला म्हशीवर बसवा, न्हाई तर चंद्रावर उतरवा. वारं तेवढं खरं सांगत जा."

दोन दिवसांनी ती एसटीत बसली. खिडकीतनं तिनं हात काढला नाही. मीही नाही.

ज्या सकाळी तिला तिघांसमोर उभं राहायचं होतं, त्या सकाळी मी शाळासोबत्याच्या दुकानात जाऊन बसलो. बाजाराचा दिवस होता. नेहमीची माणसं जमली.

"आज काय जीभ गहाण ठिवली का बे?" एकजण म्हणाला.

"त्याला बसू दे," शाळासोबती म्हणाला. तो एक ट्यूब पाण्याच्या टबात दाबून बुडबुडे शोधत होता. एरवी मी त्या टबातनं मगर काढली असती.

बारा वाजून गेले तेव्हा फोन आला. मी उठून रस्त्याच्या कडेला गेलो.

"अण्णा, झालं."

"काय इचारलं?"

"सगळं. मी सांगितलं. तिवईचंबी सांगितलं. एक साहेब हसले, पण सर न्हाई हसले. परवाच बोलावलं त्यांनी, तवाच झालं ते. आज सकाळी सर संगं घेऊन उडाले."

"परवा? मग सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी बाजारात सांगितलं असतं."

हे खरं होतं. मी पुढं विचारलं, "कापडी पिशवी?"

"लोंबत व्हती. खाली काईच न्हाई. वर पंधरा नॉट वारं, समोरनं."

"काटा?"

"वर गेला."

"हात?"

मागं कुठंतरी इंजिन चालल्याचा आवाज येत होता.

"गेला," ती म्हणाली. "निघाला. मग थांबवला. खाली आल्यावर वारं संपलं, पण इंजिन जागं व्हतं. उतरले. सर म्हणले, उद्यापासून परत एकटी."

"बरं," मी म्हणालो.

"ठिवते. जेवायची वेळ झाली."

मी परत येऊन बसलो. सात जण माझ्या तोंडाकडं बघत होते. शाळासोबत्यानं ट्यूब पाण्यातनं काढली नव्हती. मग मी सांगायला लागलो. धावपट्टी इतकी लांब की एका टोकाला सकाळची शाळा भरते तोवर दुसऱ्या टोकाला सुटलेली असते. तीन साहेब, एकेकाच्या मिशा अशा की त्यांच्यावर कावळे बसायचे आणि साहेबांना कळायचं नाही. पोरगी विमानात बसली, विमानानंच तिला नमस्कार केला. लोक हसत होते.

"अन् वारं?" एकजण म्हणाला. "वारं तर आपल्या माळासारखं आसंल? म्हैस उडवणारं?"

"वर पंधरा," मी म्हणालो. "खाली काईच न्हाई."

"पंधराच?"

"पंधराच."

शाळासोबत्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि ट्यूब परत पाण्यात दाबली. "बराबर," तो म्हणाला. कुणाला कळलं नाही तो कशाला बरोबर म्हणाला ते.

घरी निघालो. अर्ध्या वाटेवर मान खाजायला लागली. मग कानामागं. मग सदऱ्याच्या आत, पाठीवर, जिथं हात पोचत नाही तिथं. हरभरा उपणून आठवडा झाला होता, मधे आंघोळी झाल्या होत्या, सदराही दुसरा होता. हे मी कुणाला सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही. मी गाडी रस्त्याच्या कडेला लिंबाखाली उभी केली, उतरलो, आणि पाठ झाडाच्या खोडाला लावून घासत राहिलो, एखाद्या म्हशीसारखा, बराच वेळ. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या हळू होऊन बघत होत्या.